पाण्यातले साचे

ते साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. हैदराबादचा निजाम शरण आला ही बातमी बुऱ्हाणपुरात शुक्रवारी संध्याकाळी पोचली आणि दुसऱ्याच दिवशी, भादव्याच्या पुनवेला, तिथल्या लोधीपुरा गल्लीत पोरींची महिनाभराची भुलाबाई बसली. मोठ्या माणसांना पहिली गोष्ट मोठी वाटत होती. पोरींना दुसरी.

विमल तेव्हा दहा वर्षांची होती. वडील मराठी शाळेत मास्तर. घरात तिच्या वर दोन बहिणी आणि खाली दोन भाऊ. मधल्या पोरीकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, तसं तिच्याकडेही नव्हतं. त्यात तिचा आवाज घोगरा. भुलाबाईच्या महिन्यात पोरीची किंमत गळ्यावरून ठरायची. शेजारच्या मालतीचा गळा गोड, म्हणून ती पाटाजवळ बसून गाणं उचलायची. विमलने मागच्या रांगेत बसून टिपऱ्या वाजवायच्या. एकदा ती जोर लावून गायला लागली, तर पोरींना गाणी शिकवणारी म्हातारी मालूबाई म्हणाली, "तू नुसतं तोंड हलव वो विमल. भुलाबाईला समजते." सगळ्या हसल्या. विमलही हसली होती, कारण न हसून करते काय.

महिनाभर रोज संध्याकाळी पोरी एकेका घरी जमायच्या. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी व्हायची आणि मग त्या घरची आई झाकणाचा डबा आणून मध्ये ठेवायची. आत खिरापत. डबा उघडायचा नाही. हलवायचा, कानाशी लावायचा, फटीतून वास घ्यायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर घर जिंकलं. हे सगळीकडेच होतं. लोधीपुऱ्याने त्याला आपली एक गाठ मारलेली होती. इथे 'साखरेचं खेळणं' एवढं सांगून भागत नसे. हत्ती की घोडा, मोर की मासा, तेही सांगावं लागे. आणि ही गाठ पडली होती ती गिरधरकाकाच्या दुकानामुळे.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन फळ्यांचा ओटा, वर टिनाचं छप्पर. डाव्या अंगाला लाकडाचा माल: लाखेने रंगवलेले भोवरे, टिपऱ्यांचे जोड, पांगुळगाडे, खुळखुळे, आणि तांबड्या लुगड्याची ठकी, जिचं नाक दर वर्षी थोडं वेगळं यायचं. उजव्या अंगाला काचेच्या बरण्या: रेवड्या, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, लिमलेट. मध्ये गिरधरकाका. पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून पटाशी चालवत बसलेला, कानावर विडी, मिशीत भुसा. लाकूड तोच कातायचा आणि साखरही तोच ओतायचा. सागवानी साचे होते त्याच्याकडे, दोन-दोन फाळक्यांचे, त्याच्या बापाच्या हातचे. फाळकं फाळक्यावर बसवून सुतळीने आवळायचं, वरच्या भोकातून पाक ओतायचा, आणि थोड्या वेळाने सुतळी सोडली की आत पांढरा शुभ्र हत्ती.

लढाईच्या वर्षांत साखर कार्डावर झाली आणि साचे माळ्यावर गेले. मागच्या हिवाळ्यात साखरेचं कंट्रोल उठलं, तसे ते खाली आले. पाच-सहा वर्षं कोरडे राहून त्यांना बारीक चिरा पडल्या होत्या. मग गिरधरकाका ते आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, चिरा मिटतात आणि पाक चिकटत नाही. दुकानाच्या मागे, बोळाच्या बाजूला त्याचा दगडी हौद होता. साचे तरंगू नयेत म्हणून वर धोंडे ठेवलेले असायचे.

त्या वर्षी घराघरातून साखरेच्या खेळण्यांची मागणी आली. आया दुकानात येऊन पदराआडून कुजबुजायच्या, गिरधरकाका नुसती मान हलवायचा. कुणाच्या घरी काय जाणार हे त्याच्या बायकोला, गोदाबाईलाही ठाऊक नसे. डबा कापड बांधूनच दुकानातून निघायचा. पोरी दुकानासमोर घोळका करून लाडीगोडी लावायच्या, "काका, नुसतं एवढं सांगा, चार पाय की दोन?" तो म्हणायचा, "बेटा, माझं तोंड साच्यासारखं आहे. सुतळीनं आवळलेलं. सोडलं तर आतली साखर सांडेल." आणि एकेकीच्या हातावर बडीशेपेची गोळी ठेवून पिटाळायचा. त्याच्या या न सांगण्यावरच तर सगळा खेळ उभा होता.

भुलाबाई बसली त्याच्या तिसऱ्या दिवशी विमलला आईने भावाचा भोवरा घेऊन पाठवलं. त्याची आर निघाली होती. गिरधरकाका ओट्यावर नव्हता. मागे असेल म्हणून ती बोळातून वळली. मागेही कुणी नव्हतं. हौद होता, त्यात हिरवट पाणी, आणि एका धोंड्याखाली दबलेलं एक फाळकं. तिने सहज धोंडा सरकवला. फाळकं वर आलं आणि उलटलं. आत खोलगट कोरलेलं काही तरी होतं. साच्यात सगळं उलटं असतं, जे फुगीर ते खोल आणि जे डावं ते उजवं, त्यामुळे पाहणाऱ्याला पटकन उमगत नाही. विमलला उमगलं. पिसारा मिटलेला मोर.

त्या संध्याकाळी डबा पोरींमधून फिरला. कुणी रेवड्या म्हणालं, कुणी साखरेचा मासा. डबा मागच्या रांगेत आला तेव्हा विमलने तो कानाशी लावला, खरं तर उगाचच, आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मोर."

झाकण निघालं. मोर.

पोरींनी तिला ओढून पुढे नेलं. पहिला तुकडा तिला मिळाला, मोराचं तुऱ्यासकट डोकं. मालूबाईनेही तिच्याकडे नीट पाहिलं, जणू ही पोरगी आजच जन्मली.

दुसऱ्या दिवशी ती बोळात गेली, ती भोवरा घेऊन नाही.

मग ते रोजचंच झालं. सकाळी शाळेत जाताना ती बोळातून जायची. पाण्यात हात घालायची, फाळकं उलटायची, पाहायची, पुन्हा धोंडा ठेवायची. हाताला शेवाळाचा वास यायचा, तो ती परकराला पुसायची. संध्याकाळी एकदा घोडा, एकदा कासव, एकदा तुळशीवृंदावन. मध्ये दोन घरी दराबा, रवा-तुपाची मिठाई, निघाला, तेव्हा ती चुकली, आणि ते बरंच झालं, कारण मग कुणाला संशय आला नाही. पोरी तिला 'जाणती' म्हणू लागल्या. डबा आता सगळ्यात शेवटी तिच्याकडे यायचा आणि तो तिच्या कानाशी गेला की खोली चिडीचूप व्हायची. त्या चिडीचूप होण्याची तिला चटक लागली. आपण काही वाईट करतो आहोत असं तिला तेव्हा वाटलं का? वाटलं होतं. पण मिठाच्या खड्यासारखं, जिभेवर जरा वेळ आणि मग विरघळलं.

पंधराव्या दिवशी मालतीच्या घरची पाळी होती.

मालतीचे वडील दिगंबरराव तहसील कचेरीत कारकून. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि अर्धी गल्ली ते ऐकायला जमायची. त्या दिवसांत वाचण्यासारखं पुष्कळ होतं. फौजा कुठवर गेल्या, कोण लढलं, कोण फितूर झालं, कुणाच्या घरात काय सापडलं. 'फितूर' हा शब्द गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झाला होता. विटीदांडूत डाव हरला तरी कुणी तरी फितूर ठरायचं. दिगंबरराव माणूस वाईट नव्हते, पण आपल्या घरची खिरापत कुणी ओळखायची नाही असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यांनी वर्तमानपत्रातलं विमानाचं चित्र कापून गिरधरकाकाकडे नेलं आणि नवाकोरा साचा कोरायला सांगितला. मालतीला बोलले नाहीत, तिच्या आईलाही नाही.

त्या सकाळी विमलने हौदातून फाळकं काढलं, तेव्हा ते इतर साच्यांसारखं काळं पडलेलं नव्हतं. नवं, पिवळं लाकूड. आधी तिला ते पाखरू वाटलं. मग नाकाशी फिरकी दिसली आणि तिला हसू आलं. त्या महिन्यात बुऱ्हाणपुरावरून दोनदा विमान गेलं होतं आणि दोन्ही वेळा अख्खी शाळा मैदानात धावली होती. नवं लाकूड पाहून तिने थांबायला हवं होतं. पण पंधरा दिवस जाणती म्हणून मिरवलेल्या पोरीला थांबणं सुचत नाही.

संध्याकाळी दिगंबरराव स्वतः दारात उभे राहिले, हात पाठीशी बांधून. पोरींची सगळी जनावरं म्हणून झाली. फळं झाली, भांडी झाली. दिगंबररावांच्या मिशा पसरत चालल्या होत्या. डबा विमलकडे आला. तिने तो हलवला, डोळे मिटले, ही नवी सवय तिने लावून घेतली होती, आणि म्हणाली, "विमान."

पोरी खिदळल्या. मालतीच्या आईने झाकण काढलं आणि हसू थांबलं.

दिगंबरराव पुढे आले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की हे विमान या गावात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक त्यांना आणि एक गिरधरला, आणि ते स्वतः तर कुणाशी बोललेले नाहीत. मग ते विमलपुढे उकिडवे बसले.

"मास्तरांची पोर तू. खोटं नाही बोलणार. गिरधरने सांगितलं तुला?"

पोरी पाहत होत्या. मालती पाहत होती, तिचे डोळे भरले होते. 'हौदात पाहिलं' एवढे दोनच शब्द होते. ते म्हटले असते तर पंधरा दिवसांचे मोर, घोडे, कासवं सगळी एकदम फुटली असती आणि ती पुन्हा मागच्या रांगेत गेली असती, तोंड हलवायला.

तिची मान हलली. ती नीट हलली नाही, नुसती थरथरली, असं विमल पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आली. पण मान हलली होती, आणि ती हो म्हणूनच हलली होती.

"बघा," दिगंबरराव उठत म्हणाले, "आपल्या गल्लीतही फितूर निघाला." ते अर्धं हसण्यावारी होतं. पण दारात गल्लीतली चार पोरं उभी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीच पोरं दुकानासमोर ओरडली, "फितूर गिरधर, फितूर गिरधर." गिरधरकाका आधी हसला. भोवऱ्याचा भाव पटला नाही की पोरं काहीबाही ओरडतातच. पण त्या दिवशी कुणाची आई कुजबुजायला आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बायकांनी ठरवून टाकलं की खिरापत आपली घरीच करायची, जो एका पोरीला सांगतो तो चौघींना सांगेल. गुळपापडी झाली, शेव झाली, मुरमुऱ्याचे लाडू झाले, ते पोरी डबा हातात यायच्या आधी ओळखू लागल्या आणि खेळातली गंमत गेली. त्याचाही राग दुकानावरच निघाला.

आणि मग शब्द मोठ्यांच्या हाती गेला. गोदाबाईचं माहेर जालन्याचं, म्हणजे निजामाच्या मुलखातलं. दर वर्षी आखाजीच्या सणाला ती माहेरी जायची आणि गिरधरकाका तिला आणायला जायचा. इतकी वर्षं त्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. आता कुणी तरी पानाच्या ठेल्यावर म्हणालं की पोरं उगाच ओरडत नाहीत, काही तरी कानावर आलं असेल. तीन-चार दिवसांनी एक पोलीस शिपाई आला. गिरधरकाकाला त्याने जालन्याहून पत्रं येतात का, कोण लिहितं, हे विचारलं. गोदाबाईने भावाची दोन पत्रं आणून दाखवली. एकात त्या भावाला मुलगा झाल्याचं होतं आणि दुसऱ्यात तो मुलगा गेल्याचं. शिपायाने ती वाचली, परत दिली आणि पाणी पिऊन गेला. पुढे काही झालं नाही. पण शिपाई ओट्यावर बसलेला अख्ख्या गल्लीने पाहिला होता.

विमलने घराच्या खिडकीतून पाहिला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आईने पोटाला हिंग लावला.

आता बोळातून जायचं तिने सोडलं होतं. ओळखायचंही सोडलं होतं. पोरींनी विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतं. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगायचं. आधी मालतीला, मग मालती वडिलांना सांगेल. रोज संध्याकाळी मालती तिच्याशी पहिल्यासारखी हसायची, जवळ बसवून घ्यायची, आणि विमलच्या तोंडातली गोष्ट परत पोटात जायची. एकदा तर मालतीच म्हणाली, "तुझा काय दोष? त्याने सांगितलं तर तू काय कानात बोळे घालशील?"

शेवटची पाळी, कोजागरीची, विमलच्या घरची होती. तिच्या आईने पोळ्याच्या आधीच गिरधरकाकाला सांगून ठेवलं होतं. काय सांगितलं होतं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण आता गल्लीचं वारं पाहून आई म्हणाली, "जा, त्यांना सांग की राहू द्या. म्हणावं, आईला बरं नाही. नीट बोल." आईलाही ते बरं वाटत नव्हतं, हे तिच्या पाठ वळवण्यावरून दिसत होतं.

विमल दुकानात गेली, या खेपेला पुढून. बरण्या भरलेल्याच होत्या, वरपर्यंत. ठकी तशीच उभी होती. गिरधरकाका साचे पुसत होता, एकेक फाळकं खोबरेलाच्या बोळ्याने, माळ्यावर ठेवायच्या आधी पुसतात तसं. तिने आईचा निरोप एका दमात सांगितला, जमिनीकडे पाहत.

त्याने हातातलं फाळकं खाली ठेवलं.

"आईला म्हणावं, करतोच आहे. घेतलेलं काम मी परत नाही करत."

विमल उभी राहिली. जायला हवं होतं, पण पाय निघेना. त्याने सवयीने बरणीत हात घातला आणि तिच्या तळहातावर बडीशेपेची गोळी ठेवली, गुलाबी. मग पटाशी उचलत, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाला, "बोळातल्या हौदापाशी शेवाळ फार झालंय बेटा. मागून येशील तर पाय जपून टाक. एक दिवस पडता पडता राहिली होती तू."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. किती दिवसांपासून? पहिल्या मोरापासून? शिपाई समोर बसला होता तेव्हाही त्याला हे ठाऊक होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं काहून नाही? त्यांना."

"कोणाला? दिगंबररावांना?" तो विचार करत होता असं वाटलं, पण विचार केव्हाच झालेला असावा. "या ओट्यावर जी पोरगी येते, तिची गोष्ट मी दुसऱ्याच्या दारात नेत नाही. विमान नाही नेलं, आणि तुझी पण नाही नेणार. नेली तर मग ते म्हणतात तेच खरं झालं ना?"

आतून गोदाबाईने कोण आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मास्तरांची पोर. निरोप घेऊन आली." आणि पुन्हा फाळकं पुसायला लागला.

त्याने तिला सांग असं म्हटलं नाही, सांगू नको असंही नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. विमल घरी आली. गोळी मुठीतच विरघळली होती आणि तळहात गुलाबी झाला होता. आईला म्हणाली, "करतोच म्हणाले." आई म्हणाली, "बरं झालं."

कोजागरीला दिवेलागणीच्या आधीच सगळ्या पोरी जमल्या. शेवटचा दिवस म्हणून मोठ्या बायकाही आल्या होत्या. विमलने ठरवलं होतं, झाकण उघडायच्या आधी बोलायचं. सगळ्यांसमोर मान हलवली होती, तर सगळ्यांसमोरच बोलायचं. गाणी चालू असताना ती मनातल्या मनात तेच दोन शब्द घोकत होती. हौदात पाहिलं. हौदात पाहिलं.

आईने डबा आणला. मालतीने उचलला, हलवला, आणि तिचे डोळे मोठे झाले. पुन्हा हलवला. आवाजच नाही. डबा जड होता, भरलेला होता, पण आत काही वाजतच नव्हतं. वासही नाही. डबा हातोहात फिरला. कुणी म्हणालं दही, कुणी म्हणालं शिरा. मालूबाईने मागून घेतला, कानाशी लावून बसली आणि म्हणाली की साठ वर्षांत असा मुका डबा पाहिला नाही. महिनाभरात पहिल्यांदा खोलीत तो जुना खेळ परत आला होता. शेवटी पोरींनी हात टेकले. घर जिंकलं.

आईने झाकण काढलं. आत कापूस होता, पिंजलेला, पांढरा, काठोकाठ. आणि कापसात निजवलेली साखरेची भुलाबाई आणि भुलोजी, वीतभर उंचीची. तिच्या नाकात नथ कोरलेली, त्याच्या डोक्याला फेटा, आणि दोघांच्या हातात हात. जुन्या साच्यातली ती नव्हती. असा साचा गल्लीत कुणी कधी पाहिला नव्हता. ज्या दिवसांत त्याच्या दुकानापुढे पोरं ओरडत होती, त्याच दिवसांत तो बसून हे कोरत होता.

बायका "अगंबाई" म्हणून पुढे सरकल्या. आता, विमलला वाटलं. आता.

"पाहिलं ना?" मालती म्हणाली. तिचा गोड गळा सगळ्या खोलीत गेला. "विमलच्या घरचं नाही फोडलं त्याने. आमचंच फोडलं."

खोलीतल्या माना हलल्या. हो, तसंच दिसतं. मास्तरांच्या घरचं बरं जपलं. आणि विमलला कळलं की गिरधरकाकाने पाळलेला शब्दही आता त्याच्याच अंगावर आला, आणि तो तिच्या तोंडून अडलेल्या दोन शब्दांमुळे आला. तिने तोंड उघडलं. ते हललं. आवाज निघाला नाही. मालूबाईने शिकवलं होतं तसं, नुसतं तोंड हललं.

साखरेची भुलाबाई मोडायला कुणाचा हात होईना. शेवटी मालूबाईने मोडली. रीत म्हणून पहिला तुकडा घरच्या पोरीला. तो विमलने जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत मान वर केली नाही. सगळ्यांना वाटलं, लाजली.

दिवाळी झाली तरी साखरेचे साचे माळ्यावरून उतरले नाहीत. भोवरे विकले जायचे, पोरांना भोवऱ्याशी मतलब. संक्रांत झाली आणि एका सकाळी गिरधरकाकाने बैलगाडीत पेट्या भरल्या. जालन्याला मेहुण्याच्या शेजारी गाळा मिळत होता. आता तो मुलूखही आपलाच, तिकडे काय आणि इकडे काय, असं तो लोकांना सांगत होता. गाडी स्टेशनाकडे निघाली तेव्हा विमल शाळेच्या फाटकात उभी होती. त्याने तिला पाहिलं आणि हात वर केला. तिने केला नाही. तिच्या हातात पाटी होती, हे काही कारण नव्हे.

मालूबाई त्याच उन्हाळ्यात वारली. तिच्यानंतर लोधीपुऱ्यात आकार ओळखायची गाठ सुटली, डबा सगळीकडे असतो तसा झाला. दुकानाच्या जागी सायकलवाला आला आणि त्याने मागचा हौद पंक्चर पाहायला वापरला. दिगंबरराव पेन्शनीत निघाले आणि पुढे बारा वर्षं जगले. गिरधरचं नाव निघालं की म्हणायचे, कारागीर मोठा, पण पोटात गोष्ट ठरत नव्हती. ते गेले तेव्हा विमल त्यांच्या उशाशी होती. तेव्हाही तिने सांगितलं नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला, असं तिने मनाला समजावलं. मनाला समजावायची तिला तोवर चांगली सवय झाली होती.

मालती भुसावळला दिली. पन्नाशीत दोघी एका लग्नात भेटल्या, तेव्हा विमलने तिला हौदापासून सगळं सांगून टाकलं. मालती खो-खो हसली. म्हणाली, "अगं, एवढंच? मला तर ते विमानही आठवत नाही." विमलला वाटलं होतं की कुणाला सांगितलं की ओझं उतरेल. पण ज्याला आठवतच नाही त्याच्यापुढे ओझं ठेवायचं कुठे?

विमल बुऱ्हाणपुरातच मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागली. एकोणसत्तर साली कसल्याशा परीक्षेच्या कामाने ती जालन्याला गेली आणि विचारत विचारत त्या गाळ्यापर्यंत पोचली. गिरधरकाका चार वर्षांपूर्वीच गेला होता. गोदाबाई होती, डोळ्यांनी अधू झालेली. बुऱ्हाणपूर म्हटल्यावर तिने चहा ठेवला आणि लोधीपुऱ्याची माणसं एकेक करून विचारली. मग म्हणाली, "तिथे एक पोरगी होती म्हणे. हे नेहमी सांगायचे, नाव कधी घेतलं नाही. पाण्यातला साचा उलटा पाहून ओळखायची. म्हणायचे, मला हे बापाकडून शिकायला दोन वर्षं लागली, तिला उपजत होतं. तुमच्या गल्लीतलीच असेल. तुम्ही ओळखता का तिला?"

विमल नाही म्हणाली. निघताना पाया पडली आणि बस गाठली.

गोदाबाई पुढच्या वर्षी गेली. विमल पंच्याऐंशी वर्षं जगली. शाळेतल्या पोरींना ती नेहमी वस्तू उलटी धरून चित्र काढायला लावायची, आणि कुणाचं चांगलं आलं की त्या पोरीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहायची. भुलाबाईला लोक तिला आग्रहाने घरी बोलवत. डबा तिच्यापुढे यायचा. ती तो कानाशी न लावता पुढे सरकवायची आणि म्हणायची, "मला नाही येत."